गुलाब आणि डांबर

हिराबाईचं नाव आधी घेतो, दाजीकाका. लिहायला बसलो आहे तुमच्यासाठी, पण तिचं नाव मागे राहिलं तर तुम्हाला ते आवडायचं नाही. वरळी कोळीवाड्यातली हिराबाई, दर दोन दिवसांनी मासळीची पाटी घेऊन दादरला तुमच्या दारावरून जाणारी, आणि तुमच्याशी दोन शब्द भांडल्याशिवाय पाटी पुन्हा डोक्यावर न घेणारी. शेवटच्या आठवड्यात तुमच्या ओठांना पाणी लावायला तीच बसली होती. तुम्हाला उचलायची वेळ आली तेव्हा आळीतलं एक दार उघडलं नाही. ती उठली, पदर खोचला, वरळीला गेली, आणि घरचे तीन पुरुष घेऊन आली. तीन ते आणि चौथा मी. असे तुम्ही गेलात.

त्याला आज चौदा दिवस झाले. साधा ताप होता. गाठ कुठेच नव्हती, काखेत नाही, जांघेत नाही. मी रोज बघत होतो. पण गेल्या दोन वर्षांत, प्लेग आल्यापासून, मुंबईत ताप म्हटलं की पुढचं कोणी ऐकूनच घेत नाही. तुमचा पुतण्या बायकापोरांना घेऊन मागच्याच साली गावाला गेला तो परतला नाही. शेजारी राहिले होते तेही दाराला आतून कडी घालून. मी कोणाला दोष देत नाही. पहिल्या दिवशी मीसुद्धा उंबऱ्याबाहेर थांबलो होतो. तुम्ही खाटेवरून पाहिलंत आणि म्हणालात, "तिथूनच बोल, गोंद्या. तुझी आई तिकडे गावी एकटी आहे." ते ऐकल्यावर मी आत आलो.

मला लिहायची सवय नाही. मराठी चौथीत शाळा सुटली. वखारीत विलायती दारूच्या पिंपांवर खडूने नावं लिहायची, एवढंच माझं लिहिणं. नेब्बिओलो, बार्बेरा, दोल्चेत्तो, मोस्कातो. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, तरी मी लिहून झाल्यावर तुम्ही लांब उभे राहून बघायचात आणि म्हणायचात, "अक्षर सरळ आहे. माणूसही राहील."

वेंगुर्ल्यात बापाने माडाची सुरी ज्या खुंटीला लावली त्याच खुंटीला माझी शाळेची पाटी लागली. झाडावरचा सरकारी कर एवढा वाढला की माडी काढून घरात काही उरेना. मला आगबोटीने मामाकडे परळला पाठवलं. गिरणीत तीन महिने काढले. कापसाच्या तंतूंनी छाती भरली आणि खोकल्याने खोलीतल्या दहा जणांची झोप उडवली. शेवटी मामा म्हणाला, आपल्या भंडाऱ्यांतला एक माणूस गिरगावात विलायती दारूच्या वखारीत मोठा आहे, त्याचे पाय धर. मी खरंच पाय धरायला वाकलो, तर तुम्ही माझे हात हातात घेऊन उलटेपालटे करून बघितलेत. नाकाशी नेऊन हुंगलेत. "विडी ओढतोस?" "नाही." "मग ये."

दारूच्या वखारीत जायचं म्हणून मी भीत होतो. आईला पत्रात लिहिलं होतं की काचेच्या बाटल्या धुण्याचं काम आहे. ते खोटं नव्हतं.

पहिल्या दिवशी तुम्ही मला पिंपं दाखवली नाहीत. जमीन दाखवली. वखारीच्या मागल्या कोपऱ्यात, जिथे उन्हाळ्यातही फरशी गार असते, तिथे खडूने काढलेले डोंगर होते. मधून नदी. इटलीतल्या पीदमोंते मुलखाचा तो नकाशा. तिकडचा एक साहेब पिंपं लावून द्यायला तीन वर्षं इथे होता, बेप्पेसाहेब. त्याला आपली भाषा येत नव्हती आणि तुम्हाला त्याची. म्हणून तो खडू घेऊन बसायचा. नदीच्या अलीकडच्या टेकड्यांवर कोणती वेल, पलीकडे कोणती, उतरणीला काय, सावलीत काय. तो परत गेला तेव्हा नकाशा पुसट झाला होता. तुम्ही दर खंडेनवमीला बूच मारायची मोगरी, काचेची नळी आणि तोट्या पुजायच्या आधी तो नकाशा नव्याने गिरवायचात. कागदावर कधी उतरवून घेतला नाही. बावीस खंडेनवम्या झाल्या. एकदा त्या मुलखातला आगबोटीचा कप्तान वखारीच्या मालकांबरोबर, शेठजींबरोबर, आत आला, नकाशा बघून पोट धरून हसला. त्यांची नदी अशी वळत नाही म्हणाला. मग मी नीट बघितलं. वर्षावर्षाला सरकत सरकत तुमची नदी माहीमच्या खाडीसारखी वळली होती, आणि बारोलो गाव आलं होतं अगदी दादरच्या तुमच्या माडांच्या जागी. तुम्ही कप्तानाला म्हणालात, "नदी वळते, साहेब. माणसाला विचारून नाही वळत." ते त्याला कोणी सांगितलं नाही हे बरं झालं.

त्या नकाशावर उकिडवं बसून तुम्ही मला शिकवलंत. पेला पुढे करायचात.

"ही बार्बेरा. सांग, कशासारखी?"

"आमसुलासारखी."

"कोणत्या? बाजारातल्या की तुझ्या आईच्या?"

"आईच्या."

"का?"

"तिच्यात मीठ कमी असतं."

तुम्ही पेला खाली ठेवलात. मग म्हणालात, बार्बेरा तिकडच्या शेतकऱ्याची रोजची दारू. काळी, आंबट, राबणाऱ्याची. भाकरीबरोबर घ्यायची आणि पुन्हा कामाला लागायचं. दोल्चेत्तो तिच्याहून मऊ, मागाहून जराशी कडसर. लवकर संपवायची, ठेवून दिली तर रुसते. ग्रिन्योलिनो फिकी, पण तिची द्राक्षं बियांनी भरलेली, वरून शांत आणि आतून तिखट. मोस्कातो पांढरी; तिचं पिंप उघडलं की मोगऱ्याची ओंजळ कोणीतरी तोंडाजवळ धरल्यासारखं व्हायचं. तिचीच आस्ती गावाकडून येणारी बाटली बुचावर तारेने बांधलेली असायची, कारण आतला फेस जिवंत. "सकाळची माडी," तुम्ही म्हणायचात, "फरक एवढाच की त्यांना ती बांधून ठेवता आली आणि आपल्याला नाही." तुरीनहून वर्मुथ यायची, पांढऱ्या दारूत कडू पाला आणि साली घातलेली. ती तुम्हाला कधी मानवली नाही. साहेबलोक जेवणाआधी काढा पितात आणि त्याला चैन म्हणतात, हे तुम्ही दर वेळी, प्रत्येक नव्या माणसाला सांगायचात.

आणि नेब्बिओलो. तिच्याकडे यायला तुम्ही मला चार महिने लावलेत. "ही सगळ्यांच्या मागून पिकते. बाकीची द्राक्षं घरी आली, तुडवून झाली, तरी ही वेलीवरच. डोंगरावरून धुकं खाली उतरतं तेव्हा कुठे ही तयार." हिच्यापासून दोन होतात, एकाच बापाचे दोन मुलगे. धाकटा बारबारेस्को, जरा मवाळ, लवकर बोलता होणारा. थोरला बारोलो. तो वर्षानुवर्षं लाकडात बसून राहतो आणि तोवर त्याला छेडायचं नाही.

आता जे लिहितो ते तुम्ही असताना बोललो नाही, काका. सहा वर्षं बोललो नाही.

वखारीत मला सहा महिने झाले होते. तुम्ही दादरला गेला होतात, आणि शेठजींच्या एका गिऱ्हाइकासाठी बारोलोच्या पिंपातून नमुना काढायचा होता. मी नळी घातली, पेल्यात सोडली आणि पेला उजेडात धरला. फिकी. वीट धुतलेल्या पाण्यासारखी, कडेला पिवळट. शेजारची बार्बेरा काळीभोर, आणि ही, वखारीतली सगळ्यात महाग, अशी. मी माडी काढणाऱ्याचा मुलगा. आमच्याकडे रंग पातळ झाला म्हणजे पाणी पडलं, याला दुसरं कारण नसतं. माझ्या गावी बापाचं मडकं हातात घेऊन माणसं आधी उजेडात धरायची, मग बोलायची. मी हिशोब केला तो एवढाच की त्या पिंपाला तुमच्याशिवाय कोणी हात लावत नाही. म्हणजे तुम्ही काढता आणि वर पाणी भरता. मला वाटलं, उद्या हे उघड झालं तर नवा आहे म्हणून माझ्यावर येईल. मला परत गिरणीत जायचं नव्हतं. मी पेला घेऊन शेठजींच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, पाणी आहे.

शेठजींनी दुसऱ्या दिवशी तुम्हाला सगळ्यांसमोर उभं केलं. दोन कारकून, बाटल्या धुणारे आम्ही पाच जण. "दाजी, हे काय हाय? मला लोक सांगतात, यात पाणी हाय. वीस वरस मी तुझ्यावर कुलूप लावलं नाय."

लोक सांगतात, असं ते म्हणाले. माझं नाव घेतलं नाही. तुम्ही कोणाकडे बघितलं नाहीत. पेला मागितलात, पांढरा कागद मागितलात, पेला त्यावर ठेवलात. म्हणालात, शेठ, हिचं रक्त पहिल्यापासून पातळ. म्हातारी झाली की विटेच्या रंगावर जाते. रंगात काही नाही, तोंडात बघा. मग तुम्ही तो पेला शेठजींना न देता माझ्या हातात दिलात. मलाच का, हे मी त्या दिवसापासून स्वतःला विचारतो आहे.

मी घोट घेतला. कच्ची सुपारी चावल्यासारखं सगळं तोंड आवळून आलं. पाण्याने असं होत नाही. पाण्यात एवढी पकड नसते.

"वास?" तुम्ही विचारलंत.

"गुलाब. वाळलेला."

"आणखी?"

"आणखी काहीतरी आहे. ओळखीचं आहे. नाव येत नाही."

शेठजींनी स्वतः घेऊन बघितली, तुमच्या पाठीवर हात ठेवला, विषय मिटला. तुमच्यासाठी मिटला की नाही ते मला कळलं नाही. त्या दिवशी दुपारी तुम्ही जेवला नाहीत. डबा तसाच दारातल्या कुत्र्याला नेऊन दिलात.

पुढच्या रविवारी तुम्ही मला वरळीला घेऊन गेलात. हिराबाईच्या अंगणात तिच्या थोरल्याने होडी उलटी टाकली होती आणि बुडाला कढतं डांबर चोपडत होता. आदल्या दिवशी तिच्याकडे कसली तरी पूजा झाली होती; होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, गुलाबाची माळ अजून होती, उन्हाने काळपट झालेली. तुम्ही माझी मान धरून मला तिथे उभं केलंत. 

तोच वास होता. तंतोतंत. आणि त्यामागून वेंगुर्ल्याचा किनारा आला, बंदरातल्या उलट्या होड्या आल्या, बाप आला, खुंटीवरची पाटी आली, आणि मी सगळ्यांसमोर रडायला लागलो.

"याला काय झाला?" हिराबाई म्हणाली. "डांबराच्या वासानं रडतंय पोर."

"त्याला दारू कळली," तुम्ही म्हणालात.

"मेल्या, पाजलीस का त्याला सकाळच्या पारी?"

"थुंकायला शिकवलंय."

ती हसली. मलाही हसू आलं. तुम्ही स्वतः कधी घोट गिळला नाहीत, पंचवीस वर्षांत नाही. तोंडात फिरवायची आणि वाळूच्या खोक्यात टाकायची. माडावर चढणारा प्यायला तर खाली येतो, ही सवय तुम्ही जमिनीवरही मोडली नाहीत. त्या दिवशी परतताना मला सांगायचं होतं, काका, शेठजींना सांगणारा मी. प्रभादेवीपर्यंत आलो, सांगितलं नाही. दादरला आलो, तुम्ही म्हणालात उद्या लवकर ये. मी लवकर आलो. मग तो दिवस मागे पडला आणि मी त्याच्यावर रोज एक दिवस टाकत गेलो.

हिराबाईला बारोलोचं पिंप हवं होतं. वखारीतली जुनी पिंपं कोळीवाड्यात जायची, मधोमध कापून मासळी खारवायला. तिला तुम्ही बार्बेराची दिलीत, दोल्चेत्तोची दिलीत. बारोलोचं दिलं नाहीत. ती दर वेळी मागायची, "ते जाड लाकडाचं दे की. माझं सडलं बुडातून." आणि तुम्ही म्हणायचात, "त्यात अजून वास आहे."

"बोंबलाला काय करायचाय वास?"

"बोंबलाला नाही. मला."

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मोस्कातोचं नवं पिंप उघडलं. मोगरा सगळ्या वखारीत पसरला, बाहेर रस्त्यावरून जाणारा थांबला. तुम्ही पिंपावर वाकलात आणि वाकलेलेच राहिलात. मग हळूच विचारलंत, "मोगरा आला का रे?"

मला आधी वाटलं परीक्षा घेताय. तुमचा चेहरा बघितला आणि कळलं.

"सहा महिने झाले," तुम्ही म्हणालात. "पडसं झालं होतं, त्याबरोबर नाक गेलं. परत येईल वाटलं. शेठला सांगू नको."

"नाही सांगणार."

"जीभ शाबूत आहे. आंबट, गोड, कडू, तोंड आवळणं, यांत मला कुणी फसवू शकणार नाही. वरचं तेवढं तू सांग."

मी सांगत राहिलो. पेला तुम्हाला देण्याआधी मी हुंगायचा आणि पुसल्यासारखं करत पुटपुटायचं: जांभूळ, ओली माती, तंबाखूचं पान, लाकूड. मग तुम्ही तोंडात घेऊन शेठजींना मोठ्याने सांगायचात. शेठजी म्हणायचे, दाजीचं नाक म्हातारपणी आणखी उघडलं. तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघायचात ते अजून डोळ्यांसमोर येतं. मला मनात बरं वाटायचं की फेड होते आहे. तुम्हाला ठाऊक नसलेल्या गोष्टीची फेड मी तुम्हाला न सांगता करतो आहे. माणूस स्वतःला काय काय समजावतो.

आणि मग ते पत्र आलं. ज्या टेकडीवरून आपली बारोलो यायची तिथल्या वेलींच्या मुळांना कीड लागली, शेजारच्या टेकड्या आधीच गेल्या होत्या. जुन्या वेली उपटून टाकल्या. आता अमेरिकेतल्या वेलीचं मूळ आणून त्यावर नेब्बिओलोचं कलम बांधणार. जुन्या मुळांवरचं शेवटचं एक पिंप राहिलं होतं, ते आपल्याकडे पाठवत होते. कारकुनाने वाचून दाखवलं. तुम्ही नकाशाजवळ जाऊन बसलात.

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं, ते अजून चालूच आहे. मी म्हणालो, कलमाने काय बिघडतं? आमच्याकडे हापूस कलमाचाच. मूळ कसल्याही रायवळाचं असू दे, फळ हापूसचं.

"माडाला कलम होतं का?"

"नाही होत."

"मग."

"मग काय, काका? द्राक्ष म्हणजे माड नाही."

"दुसऱ्याच्या मुळावर उभं राहिलेलं झाड फळ देईल. पण ते आपल्या मातीशी बोलेल का? मधला माणूस घालून बोलेल."

"मीही दुसऱ्याच्याच मुळावर उभा आहे," मी म्हणालो. रागाने म्हणालो. "वेंगुर्ल्याचा वरचा भाग, आणि खाली गिरगावातली तुमची वखार."

तुम्ही मोगरी उचलून पिंपांकडे गेलात.  दुसऱ्या दिवशी म्हणालात, "तुझ्या कालच्या बोलण्यावर मी विचार करतोय. ते पिंप आलं की दोघं चाखू, मग बोलू." म्हणजे उत्तर त्या पिंपात होतं.

जिनोव्ह्याहून आगबोट चैत्रात लागली. दर आगबोटीला तुम्ही स्वतः बंदरावर जायचात, पिंपांवर टाकायला भिजवलेली गोणपाटं घेऊन, आणि पिंपं वखारीत येईपर्यंत ती पुन्हा पुन्हा भिजवत राहायचात. हमाल तुम्हाला हसायचे, दाजी पिंपांना थंडाई घालतो म्हणून. या वेळी तुम्ही खाटेवर होतात. पहिल्या दिवशीच सांगितलंत, "गोंद्या, गोणपाट ओलं करून जा." मी होय म्हणालो. ताप उतरेना. हिराबाई दिवसा बसायची, पण तिला मासळी विकायलाही जायचं होतं. मी आज जातो, उद्या जातो करत तुमच्याजवळ राहिलो. चार दिवस. गेलो तेव्हा ते पिंप धक्क्यावर उघड्या उन्हात एकटं उभं होतं. फळ्या उकलल्या होत्या, तिसरा हिस्सा दगडांवर वाहून गेला होता, बूच वर आलं होतं. मी तोंड जवळ नेलं. शिरका. गुलाब नाही, डांबर नाही. नुसता शिरका.

वखारीत आणून मी ते कोपऱ्यात लावलं. तुमच्या नकाशावर पाय पडू नये म्हणून भिंतीकडून गेलो.

संध्याकाळी दादरला आलो तर तुम्ही शुद्धीवर होतात. उशीला टेकून बसला होतात. हिराबाई पेज भरवत होती.

"आलं का?"

"आलं."

"आणलंस?"

मी चपटी बाटली घेऊन आलो होतो. का आणली मला माहीत नाही. नाही आणली तर तुम्ही विचाराल, का नाही, आणि मला उत्तर द्यावं लागेल, एवढंच डोक्यात होतं. पेल्यात ओतली. हिराबाईने नाक आक्रसलं, माझ्याकडे बघितलं आणि पेजेचं भांडं उचलून दाराशी जाऊन बसली.

"सांग," तुम्ही म्हणालात.

"गुलाब," मी म्हणालो. "वाळलेला. आणि डांबर. वरळीच्या होडीचं. दोन्ही एकदम येतंय, काका. आजवर असं आलं नव्हतं."

तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. मग पेला घेतलात. मी तो खालून धरला. तुम्ही तोंडात घेतली. तोंडात फिरवली. मी वाळूचं खोकं नव्हतं म्हणून वाटी पुढे केली, पण तुम्ही गिळलीत. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

"चांगली आहे," तुम्ही म्हणालात.

मग पेला मला परत देत, "गोणपाट ओलं केलं होतंस ना?"

"होय, काका."

"बरं."

तुम्ही माझं मनगट धरून ठेवलंत. तेव्हा शेठजींची गोष्ट माझ्या ओठांवर होती, खरंच होती. पण आत्ताच एक खोटं बोललो होतो, त्याच्यावर दुसरं, आणि त्यांच्या पाठोपाठ ते जुनं खरं कसं बाहेर काढू, ते मला कळेना. उद्या सांगीन म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुमच्यासाठी बर्फ आणायला भायखळ्याला गेलो. परत आलो तर हिराबाई दारात उभी होती, आणि तिने बर्फ माझ्या हातातून काढून घेतला.

तुम्ही गेल्यानंतर पाचव्या दिवशी मी त्या पिंपातला एक थेंब जिभेवर ठेवला. तोवर नुसता वास घेतला होता. दात आंबले. लहान मुलाने तोंड वाकडं केलं असतं. आणि तुमची जीभ, काका, जी बार्बेरा एका गावची की दुसऱ्या गावची ते सांगायची. आंबटात मला कुणी फसवू शकणार नाही म्हणाला होतात. तुम्हाला पहिल्या थेंबात कळलं होतं. पिंप गेलं, जुनी मुळं गेली, आपल्या भांडणाचं उत्तर गेलं, आणि मी उन्हात सोडलं म्हणून गेलं, हे सगळं कळून तुम्ही ते गिळलंत. वर गोणपाटाचं विचारलंत, आणि माझं होयसुद्धा गिळलंत.

मग सहा वर्षांपूर्वीचं काय? त्या दिवशी पेला माझ्याच हातात का दिलात? मी दोन दिवस हाच विचार केला आणि शेवटी वरळीला गेलो. हिराबाई जाळं विणत होती. तिला सगळं सांगितलं. तुमच्याऐवजी तिला सांगितलं. विचारलं, काकांना माहीत होतं का?

तिने सुई थांबवली नाही. "मला काय नाय बोलला तो."

"कधीच नाही?"

"नाय. खोटं कशाला बोलू तुला?" मग दोरा ओढत म्हणाली, "त्या दिसाला तू बाटली आणलीस. मला बी आला शिरक्याचा वास. बोलणार होते. पण तो तुझ्या तोंडाकडे बघून असा हसला, की म्हटलं, हिरे, तू बाहेर बस."

तेवढंच. ती त्याहून जास्त काही देऊ शकली नाही, आणि तिने उगाच दिलं नाही, याचे मी तिच्यापाशी उपकार मानतो. मला आता कळलं की माझी माफी मागायची राहिली ती राहिलीच. तुम्ही दिली होती की नाही, हे मला कोणी सांगणार नाही.

वखारीत शेठजींनी तुमची जागा मला दिली आहे. नाक माझं, जीभ माझी, आणि भीती सगळी माझी. पुढच्या हंगामात कलमाच्या वेलींची पहिली नेब्बिओलो येईल की नाही ते माहीत नाही. वेल धरायला वर्षं लागतात म्हणतात. आली की मी एकटा चाखणार आणि तुमच्या बाजूनेही मलाच बोलावं लागणार. खंडेनवमीला नकाशा गिरवीन. नदी तुम्ही वळवलीत तिथेच वळवीन.

आणि हिराबाई. ते शेवटचं पिंप अजून कोपऱ्यात आहे. शेठजी त्यातला शिरका थोडा थोडा लोणच्यांच्या दुकानांना देताहेत. रिकामं व्हायला किती दिवस लागतील सांगता येत नाही. पण ज्या दिवशी रिकामं होईल त्या दिवशी, शेठजींकडे मागून, उकललेल्या फळ्या आवळून घेऊन, मी ते बैलगाडीत घालून वरळीला नेईन. अर्धं कापून नाही, अख्खं. तुम्ही तिला कधी दिलं नाहीत ते तिच्या अंगणात, डांबर लावलेल्या होडीशेजारी, माझ्या हाताने उतरवीन. तिने तुमच्यासाठी जे केलं त्याच्यापुढे हे काहीच नाही, पण तिला हवं होतं ते एवढंच. आणि तिने विचारलं, आत अजून वास आहे का रे, तर या वेळी खरं सांगीन.